वरून भरलेली जखम

झाडाला दिली खाच, धवळं दूध गळे
पलीकडच्या ओळीमधे, कोण आहे?

ही हाक मैनेच्या आईची. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण उजाडायच्या आधी कपाळावर दिवा बांधून रबराच्या झाडांमध्ये शिरलं की मैनेला ती अजून ऐकू यायची. धारदार, स्वच्छ, तांब्याच्या भांड्यावर टिचकी मारावी तशी. लहानपणी या हाकेला उत्तर द्यायचं काम तिचं होतं. चिमुकली बादली हातात धरून ती शेजारच्या ओळीतून ओरडायची:

अलीकडच्या ओळीमधे, तुझीच गं सावली
हाकेसरशी धावली, लेक तुझी.

गाण्याची हौस म्हणून कुणी हे गात नव्हतं. झाडं ओळीने लावलेली, एका माणसाकडे एक ओळ, आणि ओळींच्या मागे खरं रान. तिथून सकाळीसुद्धा अंधारच चालत यायचा. चीक काढायचा तो उन्हाच्या आधी, म्हणजे सगळं काम काळोखात. कोण कुठे आहे ते दिसत नाही. मग अर्धी ओवी इकडून, अर्धी तिकडून. पुढची अर्धी आली नाही की चाकू टाकून पळत सुटायचं; कुणाचा पाय घसरला असेल, कुणाला पान लागलं असेल. साप हा शब्द त्या वेळी कुणी तोंडातून काढत नसे. थोडक्यात, ज्याचा आवाज आला तो जिवंत.

आणि त्याच हाकेचं पुढे काय झालं, तेही मैनेने ऐकलं होतं.

आधी आईला सर्दी झाली. ती गेलीच नाही. मग उशाच्या फडक्यावर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. मग आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला, आणि आई नाकातोंडावर रुमाल बांधून कामाला जाऊ लागली. वस्ती म्हणाली, रानाची नजर लागली. पुढच्या पावसाळ्यात तर हाक नुसती हवा झाली. शब्दांची टरफलं यायची, आत दाणा नाही. शेजारच्या ओळींतल्या बायकांनी एकेक करून उत्तर देणं बंद केलं. लेक तेवढी देत राहिली, दात वाजत असताना, डोळे गच्च मिटून. एकदा वाऱ्याने रुमाल सरकला आणि तिने पाहिलं. जे पाहिलं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. आईला पाणी गिळता येईना, मग श्वास घेता येईना, आणि एका सकाळी ओळ रिकामी राहिली.

आता मैनेची स्वतःची ओळ होती, शेजारच्या ओळीत नवरा होता. मैना हे तिचं खरं नाव नव्हे. आवाजावरून पडलेलं, आणि इतकं पक्कं बसलं की खरं नाव फक्त सासूला आठवायचं, तेही रागावली की. वस्तीत कुणी अंधारात वाट चुकलं तर "मैनेला हाक द्यायला सांगा" म्हणायचे. तिचा आवाज तीन ओळी ओलांडून जायचा.

त्या दिवशी तिने नेहमीसारखी खाच दिली, सालीचा पातळ काप पायाशी पडला, पांढरा चीक वाटीकडे सरकायला लागला. तिने हाक दिली. नवऱ्याला ओवी कधी जमलीच नाही. तो नुसता "होऽऽ" म्हणायचा, बैल हाकल्यासारखा. आज त्याचा हो उशिरा आला. मग बादली खडखडवत तो स्वतःच आला.

"अगं, आवाज कुठल्या विहिरीतून उपसतेस? मला वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय."

मैनेचा चाकू सालीत अडकला. तो एवढा खोल कधी जात नसे.

"सर्दी आहे," ती म्हणाली.

"चार महिने झाले या सर्दीला. आता तिच्याकडून घरभाडं मागायला हवं."

तो हसत निघून गेला. मैना झाडाला हात टेकून उभी राहिली. दुसरंच कुणी बोलतंय. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं, आईबद्दल, पाणवठ्यावर.

तिला गेले कितीतरी दिवस माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं ती करत होती. सकाळी तोंड धुताना नाकातून काळपट खपली यायची. ती पटकन पाणी ओतायची. एक नाकपुडी बंद, मग दुसरी. बोट लावलं की आत काहीतरी मऊ लागायचं, जिथे टणक लागायला हवं. दुखत मात्र नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं; दुखणं निदान ओरडून सांगतं, हे तर मुकाट्याने खात होतं.

मग ती शिट्टी. एका दुपारी घरात सगळीकडे सामसूम असताना तिला बारीक, लांब शिट्टी ऐकू आली. दाराच्या फटीतून वारा येतोय म्हणून ती उठली, फट फडक्याने बुजवली. शिट्टी होतीच. चुलीवर काही ठेवलंय का पाहिलं, चूल थंड. खिडकीपाशी गेली, शिट्टी खिडकीपाशी आली. पाणी ठेवायच्या कोपऱ्यात गेली, शिट्टी तिथे. घाबरून तिने श्वास रोखला. शिट्टी थांबली.

ती बराच वेळ श्वास न घेता उभी राहिली.

आणि हे सगळं चालू असतानाच तिला दुसरी गोष्ट कळली होती. तिला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते आणि दोनदा निसटले. दोन्ही वेळा नवऱ्याने अर्ध्या वस्तीला सांगून टाकलं होतं, सासूने जुन्या कपड्यांची दुपटी शिवायला घेतली होती, आणि नंतर त्याच दुपट्यांनी कुणी न बघता भांडी पुसली होती. म्हणून या वेळी मैनेने ठरवलं, सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, आत्याबाईंना तर नाहीच. आत्याबाई म्हणजे सासू. शेजारच्याच घरात राहायच्या. हे तिने पोटात ठेवलं तसं ओठांतही ठेवलं, कुलूप घालून. कधीकधी चीक गाळताना ती त्याच्याशी मनात बोलायची. गप्प बस हं, म्हणायची. कुणाला कळू देऊ नकोस. आपण दोघं काही बोलायचंच नाही.

आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई जीपने यायच्या. चिकाचं वजन करायची जी शेड होती, तिच्या मागच्या खोलीत त्या बसायच्या. खोलीला आंबूस वास, भिंतीशी रिकामी पिंपं, एक टेबल, एक बाकडं आणि बरोबर सिस्टर. नवऱ्याने आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मैनेचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं.

"सर्दीला काय डॉक्टर," मैना वाटेत म्हणाली.

"गप. तुझं बोलणं ऐकून मला वाटतं, बोळकं बोलतंय."

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावला, नाक वर उचललं, आत पाहिलं. पाहणं लांबलं. टॉर्चचा उजेड मैनेच्या डोळ्यांत येत होता, तरी त्यामागचा बाईंचा चेहरा बदललेला तिला दिसला.

"अंगावर कधी जखम झाली होती? न दुखणारी. गोल, कडा उचललेल्या, मधे खळगा."

मैनेने पायावरचं वस्त्र गुडघ्यापर्यंत ओढलं. नडगीवर एक गोल व्रण होता, गुळगुळीत, चकाकणारा, चिकाचा थेंब पडून सुकावा तसा.

"ती मी बरी केली," आत्याबाई पुढे झाल्या. आवाजात अभिमान मावत नव्हता. "आमच्याकडे सगळ्यांना होतात. झोपलेली जखम म्हणतो आम्ही. चाकू लाल केला, एकदाच टेकवला. पोरीने हूं नाही केलं. पंधरवड्यात कातडी आली. पुन्हा उघडली म्हणून नाही. माझा हात तसा आहे."

डॉक्टरीणबाई बाकड्याच्या कडेला बसल्या. थोडा वेळ टॉर्चचं बटण उघडझाप करत राहिल्या.

"आत्याबाई, जखम वरून भरली," त्या म्हणाल्या. "ती कशाने झाली, ते अजून आत आहे."

मग त्यांनी सांगितलं. एक माशी असते, तिळाएवढी. अंधाऱ्या पहाटे आणि संध्याकाळी निघते. गुणगुणत नाही, म्हणून कळत नाही. मच्छरदाणीच्या भोकातून आरामात येते. ती चावते आणि कातडीखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव सोडून जाते. तिथे जखम होते. ती कधी आपोआप भरते, कधी डागून भरते. पुष्कळांचं तिथेच संपतं. पण काहींच्या अंगात ते जीव हळूच सरकतात, वर्षानुवर्षं दबा धरून बसतात, आणि मग नाकात निघतात. आधी मधला पडदा खातात. मग टाळू, मग घसा.

"हिच्या पडद्याला भोक पडलंय. लहान आहे अजून."

बाहेर शेडमध्ये चिकाचा थेंब पिंपात पडल्याचा आवाज झाला. मैनेने विचारलं, "माझ्या आईला..." बोट नाकावर नेऊन तिने नुसती खूण केली.

"रुमाल बांधायची ती?" डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं. "वस्तीत ऐकलंय मी तिचं. हो, तेच असणार."

म्हणजे रानाची नजर वगैरे काही नव्हतं. एक माशी होती. मैनेला वाटलं होतं, कारण कळलं की भीती जरा उतरेल. उलट ती अंगाएवढी झाली. नजरेला निदान हात जोडता येतात. माशीला काय सांगायचं?

"यावर औषध आहे," बाई घाईने म्हणाल्या. "आधी नाकातला एवढासा तुकडा तपासायला पाठवते. नक्की झालं की सुया सुरू करू. रोज एक, महिनाभर. औषध कडक आहे, अंग ठणकतं, उलट्या होतात. पण नाक वाचेल. फक्त पोटात मूल असेल तर हे देत नाही. मुलाचा जीव जाऊ शकतो."

"आणि पोटुशी असली कुणी, तर तिने काय करायचं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना सगळ्याच गोष्टींत रस.

"बहुतेकींना बाळंत होईपर्यंत थांबवावं लागतं. दुसरं एक औषध आहे, सलाईनमधून देतात, पण ते इथे येत नाही. मोठ्या शहरात, तेही मिळालं तर. मी मागे एकीसाठी मागितलं होतं. उत्तर यायच्या आत तिचं बाळ रांगायला लागलं."

"आणि नाक?"

"नाक कुणासाठी थांबत नाही, आत्याबाई." मग त्या मैनेकडे वळल्या. "तुझी पाळी कधी आली होती?"

मैनेला आईचा रुमाल दिसला. वाऱ्याने सरकलेला.

"चालू आहे," ती म्हणाली. "कालपासून."

शब्द इतके सहज बाहेर पडले की ती स्वतःच दचकली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मग बरं," म्हणाल्या.

तुकडा गेला. वाट बघणं राहिलं.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी मच्छरदाणी काढून अंगणात पसरली आणि तिच्यावर दुसरी जाळी शिवायला घेतली. सुई त्याच्या जाड बोटांत मावत नव्हती. "तिळाएवढी माशी म्हणे," तो पुटपुटत होता. "तुझ्या नाकावर आधीच राग बसलेला असतो. तिथे हिला जागा मिळालीच कशी, तेच मला कळत नाही." मैना हसली नाही. तोही मग हसला नाही. जरा वेळाने, वर न बघता म्हणाला, "मला भांडायला समोर चेहरा लागतो. एवढं लक्षात ठेव."

"सगळ्या सुया घेईन."

"आणि मग बघू मुलाबाळाचं. घाई कसली आहे."

त्या क्षणी तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगितलं तर तो डॉक्टरीणबाईंना सांगणार, बाई सुया थांबवणार, आणि मग बाळंतपणापर्यंत रोज सकाळी ती काळी खपली, रोज ती शिट्टी, थोडी मोठी, थोडी आणखी मोठी. आईला स्वच्छ हाकेपासून नुसत्या हवेपर्यंत यायला एवढाच वेळ लागला होता. आणि जन्मलेल्या मुलाने डोळे उघडून पहिलं बघायचं ते काय? रुमाल? आणि रुमाल सरकला तर?

न सांगावं तर एवढंच होतं की सुया टोचल्या जातील आणि एक दिवस पोटात दुखेल. तिसऱ्यांदा. कुणी दुपटं शिवलेलं नसेल. कुणाला सांगावं लागणार नाही. ज्याच्याबद्दल कुणालाच माहीत नाही, त्याच्या जाण्याचा आवाजसुद्धा होणार नाही. हा विचार तिला आधी सोपा वाटला. मग त्या सोपेपणाचीच भीती वाटायला लागली.

दोन दिवसांनी काटेवाला आत्याबाईंकडे आला. हा चिकाच्या शेडमध्ये काट्यावर असायचा, आणि बोलायला लागला की त्याला झाकण नसे. त्याच्या कानाच्या पाळीवर लालसर खळगा पडला होता.

"म्हातारे, तापव तुझा चाकू. कानावर काहीतरी बिऱ्हाड करून बसलंय."

आत्याबाई अंगणात फाटक्या चटईवर बसल्या होत्या. त्यांनी कान हातात धरला, उजेडाकडे वळवला, आणि सोडून दिला.

"नाही डागणार."

"का? माझा कान काय कमी प्रतीचा आहे? माझ्या बापाचा घोटा डागलास, बायकोचा दंड डागलास. घरात सगळ्यांवर तुझा शिक्का आहे, मीच तेवढा कोरा राहिलोय."

"कोराच राहा. डॉक्टरीणबाईकडे जा."

"ती मला सुया टोचेल!"

"टोचू दे. बोंबलशील आणि बरा होशील."

"अगं पण तुझ्या हाताला यश आहे..."

"यश!" आत्याबाई एकदम इतक्या जोरात ओरडल्या की कोंबड्या उडाल्या. "चोर घरात शिरलेला, आणि मी बाहेरून कडी घालत होते. वर म्हणत होते, बघा कसं दार लावलं! जा म्हणते ना."

काटेवाला पहिल्यांदाच काही न बोलता गेला. आत्याबाईंनी चाकू उचलला, बोटाने पातं चाचपलं आणि चटईखाली सरकवला. कुंपणाशी मैना उभी आहे हे त्यांना माहीत होतं.

"तुझ्या आईचा दंड मीच डागला होता, पोरी," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तेव्हा मीही नवीच होते. किती जणांना डागलं, आठवायला बसले की मोजणी चुकते. आता प्रत्येकाच्या नाकाकडेच बघते मी. रस्त्याने जाणाऱ्याच्यासुद्धा."

मैना त्यांच्याजवळ जाऊन बसली. आत्याबाईंनी तिच्या नडगीवरचा तो गुळगुळीत व्रण हलकेच चोळला, जणू आत अडकलेलं काही अजून बाहेर येईल.

त्यानंतरच्या एका पहाटे धुकं एवढं होतं की कपाळाचा दिवा हातभर पुढे जाऊन संपत होता. मैनेने खाच दिली, हाक दिली. उत्तर नाही. तिने पुन्हा दिली, छातीतून, चवड्यांवर उभं राहून. स्वतःच्या कानात तिला ती नीट ऐकू आली, पण बाहेर काय गेलं कोण जाणे. धुकं तसंच उभं. मग पलीकडून झुडपं मोडत कुणीतरी धावत आल्याचा आवाज झाला. तिला वाटलं जनावर आहे. नवरा होता. दिवा कपाळावरून गळ्यात आलेला, हातावर ओरखडे, चाकू कुठेतरी टाकून दिलेला.

"हाक का दिली नाहीस?" तो ओरडला. "एवढा वेळ झाला! मला वाटलं..."

"दिली होती."

"नाही दिलीस."

"दोनदा दिली."

दिव्याच्या उजेडात तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला लहानपणच्या त्या बायका दिसल्या, उत्तर द्यायचं सोडून दिलेल्या. तो त्यांच्यासारखा नव्हता. तो धावत आला होता. पण भीती तीच होती, तशीच पांढरी. तिने ठरवून टाकलं. सुई घ्यायची. पोटातल्याला तिने त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. बोलायला जीभ रेटली नाही.

तपासणीचं उत्तर आलं. तेच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच सुरू करू, आज आणि उद्या मी इथे थांबते, पुढच्या सुया सिस्टर एकट्या देतील. नवरा शेडच्या दाराशी पिंपाला टेकून उभा राहिला. रक्त आणि सुई बघवत नाही, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. आत्याबाई आत आल्या आणि बाकड्यावर मैनेच्या शेजारी बसल्या. तिचा मोकळा हात त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. डागताना धरायच्या, तसाच घट्ट.

सिस्टरने बाटलीची मान कट्‌कन मोडली. पाण्यासारखं औषध सुईत चढलं. इतकं निर्मळ दिसत होतं ते. दंडाला पट्टा बांधला, शीर वर आली.

"बाई," आत्याबाईंनी विचारलं, "हिला पुढे मूलबाळ होईल ना? हे औषध घेतल्यावर?"

"का नाही होणार? सुया संपल्या की काही महिने थांबायचं. मग होईल की."

"बघ," आत्याबाई मैनेच्या कानाशी म्हणाल्या. "होईल म्हणतात. दोन गेली ती गेली. मी या वेळी दुपटी शिवणार नाही, बोलणारसुद्धा नाही. तू सांगशील तेव्हाच मला कळू दे. मी वाट बघेन."

सिस्टरने कापसाने दंड पुसला. थंडगार लागलं. सुई कातडीला टेकली. मैनेने मान फिरवली, आणि तिला वाटलं की त्या खोलीत सगळे आहेत. बाई, सिस्टर, आत्याबाई, दाराबाहेर तो. सगळे तिच्याकडे बघताहेत, सगळ्यांना ती हवी आहे. आणि एकजण असा आहे की ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, कारण तो आहे हे तिने कुणाला कळूच दिलेलं नाही. तिनेच त्याला सांगितलं होतं, गप्प बस. आणि तो बसला होता, शहाण्यासारखा.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज बाहेर आलाच नाही, नुसती हवा आली. सिस्टरची बोटं पुढे सरकली. मैनेने आत्याबाईंच्या तळव्यांतून हात हिसकावला आणि सिस्टरचं मनगट पकडलं. सुई कातडीवरून घसरली, रक्ताची एक बारीक रेघ उमटली.

"काय झालं गं?" डॉक्टरीणबाई उठल्या. "भीती वाटते का? पहिल्या सुईला सगळ्यांनाच वाटते."

नवरा दारात आला होता. रक्त दिसत होतं, तरी तो बघत होता.

मैनेने छाती भरून श्वास घेतला. नाकात शिट्टी वाजली, सगळ्यांनी ऐकली, तिने वाजू दिली.

"माझी पाळी चालू नव्हती, बाई. त्या दिवशी नव्हती, आजही नाही. मी खोटं सांगितलं." आवाज फाटका होता, पण खोलीभर गेला. "आत्याबाई, मला दिवस गेलेत. तिसरा महिना लागलाय. मला ते मूल हवंय. आणि मला माझं तोंडही हवंय, त्याला दाखवायला. शहरात पाठवा, वाट बघायला लावा, काय करायचं ते करा. पण मला खूप भीती वाटते, आणि आता मला एकटीला गप्प बसवत नाही."